आपल्या पोरांनी बेटावर फिरायला जायचं नाही का?

जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या अभ्यासवर्गातली एक विद्यार्थिनी आपल्या चार मैत्रिणींना घेऊन घारापुरी बेटावर जाऊन आली. आम्हीही सोबत होतो. रात्री हॉस्टेलवर परतल्यावर तिने मोबाईलच्या स्टेटसला चार फोटो ठेवले. एक बोटीचा, एक लेण्यातल्या खांबांचा, एक झाडोऱ्यातल्या विटांच्या ढिगाऱ्याचा आणि एक तळलेल्या बोंबलांच्या ताटाचा. तासाभरात दोन उत्तरे आली. पहिले चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याचे: "शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढायचे आणि बोटीतून मजा मारायची. बाबासाहेबांनी यासाठी शिकायला सांगितलं होतं का?" दुसरे तिच्याच वर्गातल्या एका सवर्ण मुलाचे: "स्कॉलरशिपच्या पैशात पिकनिक. मज्जा आहे बुवा तुमची." तिने चारही फोटो काढून टाकले आणि आम्हाला फोन करून विचारले, "ताई, चुकलं का माझं?"

नाही चुकलं. पण एवढे सांगून हा विषय संपत नाही. एक उत्तर आपल्या माणसाचे आहे, दुसरे आपल्याला कायम पाण्यात पाहणाऱ्याचे. दोघांची तोंडे वेगळी असली तरी गृहीतक एकच आहे. दलिताच्या लेकराला जगण्यापुरते मिळावे, शिकण्यापुरते मिळावे, पण त्याने आनंदावर खर्च केला की हिशेब द्यावा. सवर्ण घरातला मुलगा मित्रांबरोबर गोव्याला जातो तेव्हा त्याच्या बापाच्या पगाराचा हिशेब कोणी मागत नाही. ही मुलगी आठवीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशातून माणशी सहाशे रुपयांत एक दिवस बेट बघून येते, तर तिला दोन्हीकडून जाब विचारला जातो. (तिच्या शिष्यवृत्तीचा हप्ता त्या दिवशीही आलेला नव्हता, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

म्हणून हा लेख. फिरणे, खाणे, पाहणे हा चैनीचा विषय आहे की हक्काचा, हे एकदा बोलायलाच हवे.

पाय आपले, काम दुसऱ्याचे

आपल्या आज्या-पणज्या फिरल्या नाहीत असे कोणी म्हणू नये. महार माणूस गावातला सर्वांत जास्त चालणारा माणूस होता. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचे, खजिन्याबरोबर जायचे, साहेबाच्या घोड्यापुढे वाट दाखवत पळायचे, कोणाच्या घरी मयत झाली तर पाहुण्यांना सांगावा घेऊन मैलोन्‌मैल जायचे. ही सगळी वतनातली कामे होती आणि मोबदला होता भाकरतुकड्याचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले, म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतर दोन वर्षे.

म्हणजे पायांना चालण्याची सवय होती. सवय नव्हती ती स्वतःसाठी चालण्याची. कोणी पाठवलेले नाही, कोणाचे ओझे डोक्यावर नाही, केवळ आपल्याला समुद्र बघावासा वाटला म्हणून निघालो, असा प्रवास आपल्या घराण्यांत दोन पिढ्यांपलीकडे सहसा सापडत नाही. समाजशास्त्र शिकताना आम्ही थॉर्स्टीन व्हेब्लेनचे १८९९ सालचे विवेचन वाचले होते. रिकामा वेळ हीच वरच्या वर्गाची मिरवण्याची वस्तू असते, असे तो म्हणतो. जातिव्यवस्थेत याला आणखी एक पदर आहे. इथे एका जातीची सुट्टी दुसऱ्या जातीच्या वेठबिगारीवर उभी होती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सुट्टीच नव्हती, त्यांच्या नातीने रविवार साजरा केला तर तो मिरवण्याचा प्रकार होत नाही. थकबाकीतला पहिला हप्ता फक्त वसूल होतो.

बाबासाहेबही सहलीला निघाले होते

"बाबासाहेबांनी यासाठी सांगितलं होतं का?" असे विचारणाऱ्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा एकदा उघडावे. अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या वाचकाला समजावे म्हणून बाबासाहेबांनी त्यात आपले जे अनुभव निवडले, त्यातला पहिला १९०१ सालचा आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायला मुले साताऱ्याहून निघाली. नवे कपडे, नव्या टोप्या, नवे बूट. पहिल्यांदा आगगाडीत बसायचा आनंद. मसूर स्टेशनवर मास्तरने जात विचारली आणि सगळे बदलले. दुप्पट भाड्याने गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची. रात्रभर पाणी मिळाले नाही.

दुसरा प्रसंग १९३४ चा. चळवळीतल्या सहकाऱ्यांना स्थळे पाहायची होती म्हणून तीसेक जणांचा जथा वेरूळची लेणी बघायला निघाला. वाटेत दौलताबादचा किल्ला. दाराजवळच्या हौदात प्रवासाची धूळ धुतली, तर हौद बाटवला म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत देऊन.

नीट पाहा. पहिला प्रवास सुट्टीचा होता आणि दुसरा सहलीचा. अस्पृश्यता मंदिरात आणि पाणवठ्यावर होतीच, तशी ती सहलीच्या वाटेवरही दबा धरून बसली होती. म्हणून बाबासाहेबांनी फिरणे सोडले का? १९२७ च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषदेसाठी ते दोनशेहून अधिक जणांसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले. परिषद आटोपल्यावर महाडजवळची बौद्ध लेणी आणि रायगड पाहून आले. मनुस्मृती जाळल्यानंतरच्या त्या धामधुमीत लेणी आणि किल्ला बघायला त्यांनी वेळ काढला. १९५० साली ते श्रीलंका या बेटावर गेले, ते कँडीच्या बौद्ध परिषदेबरोबरच तिथला धम्म रोजच्या जगण्यात कसा दिसतो हे डोळ्यांनी पाहायला. उतारवयात व्हायोलिन शिकायला बसणारा हा माणूस आनंदाचा शत्रू कधीच नव्हता. आपणच त्यांचा फोटो कपाळाला आठ्या घातलेला करून ठेवला आहे.

६ डिसेंबरचा समुद्र

ही विद्यार्थिनी परभणी जिल्ह्यातली. आई-वडील शेतमजूर. तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरला, वडिलांच्या खांद्यावर बसून, दादर चौपाटीवर. मराठवाडा-विदर्भातल्या आपल्या हजारो घरांत समुद्राची ओळख अशीच होते. समुद्र म्हणजे बाबासाहेब जिथे आहेत ती जागा. चैत्यभूमीला नमस्कार करून लोक पुस्तके घेतात आणि वेळ उरला तर गेटवे, राणीची बाग बघून येतात. मग शहरातली शहाणी मंडळी म्हणतात, "फुकटात मुंबई बघायला येतात." आपलेही काही लोक लाजून खुलासे करत बसतात की नाही हो, ते फक्त अभिवादनाला येतात.

आम्हाला हा खुलासा मान्य नाही. समजा मुंबई बघायलाही आले, तर काय बिघडले? या शहराच्या गोदीत, गिरण्यांत, रेल्वेत आणि गटारांत कोणाच्या आज्यांनी-आजोबांनी हाडे झिजवली? ज्याने घर बांधले त्याच्या नातवाने घर बघायला यावे, यात फुकट काय आहे?

आमची वारी मात्र ६ डिसेंबरची नव्हती. सहलीची सुरुवात आम्ही शनिवारी दुपारी भायखळ्याला केली. तिथे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. इंग्रजांनी १८६४ साली तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, मग तुकडे मुंबईत आले आणि १९१४ साली जोडून उभे केले. राज्यकर्त्याला जे आवडते ते तो उचलून नेतो, त्यातून फुटले तर तुकडे आपल्यासाठी ठेवतो. पोरींना इतिहासाचा हा धडा हत्तीच्या पायाशी उभे राहून पटकन समजला. बेट पाहण्याआधी हा हत्ती पाहावा, अशी आमची सगळ्यांना शिफारस आहे.

ताटातला बोंबील

रविवारी सकाळी गेटवेवरून लाँच धरली. तासाभराचा प्रवास. बोटीमागे समुद्रपक्ष्यांचे थवे लागले होते. डावीकडे नौदलाच्या गोद्या, पुढे जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, लांब तुर्भ्याचा अणुऊर्जेचा परिसर. पोरी वरच्या मजल्यावर उभ्या राहून ओरडत होत्या, वाऱ्याने ओढण्या उडत होत्या. भूगोल, अर्थशास्त्र, राजकारण सगळे त्या तासात डोळ्यांसमोरून सरकले, पण आम्ही मुद्दाम गप्प बसलो. प्रत्येक गोष्टीचा अभ्यासवर्ग करू नये.

धक्क्यावर छोटी गाडी आहे, पण आम्ही चालत गेलो. पुढे शंभरावर पायऱ्या. दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली दुकाने. गावातल्या बाया टोपल्यांत कैरीच्या फोडी, बोरे, चिंचा, काकड्या मीठ-तिखट लावून विकत होत्या. माकडांनी एकीच्या हातातली काकडी पळवली तेव्हा सगळ्यांत जास्त हसली ती तीच.

जेवण एका गावकरी मावशीच्या घरापुढच्या पडवीत घेतले. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाची कुरकुरीत तळणी, कोळंबीचे कालवण, जवळ्याची चटणी आणि सोलकढी. ओला बोंबील परभणीच्या पोरीने पहिल्यांदा खाल्ला. काटा मऊ, मासा तोंडात विरघळणारा. पण जवळ्याची चटणी पुढे आली आणि ती थांबली. वास घेतला, म्हणाली, "ताई, ही तर आमची सुकट."

होय, तीच. मुंबई-उरणच्या कोळीवाड्यांत बांबूला बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळतात, अंगणात जवळा पसरतात, आणि तो वाळलेला माल घाट चढून मराठवाड्याच्या आठवडी बाजारापर्यंत जातो. बाजारात एका कडेला पोत्यावर मांडलेली सुकट आणि बोंबील. मटण परवडत नाही, त्या आठवड्याला मूठभर सुकट कांदा-मिरचीत परतली की पाच माणसांची भाकरी खपते. तिच्या आईने तिला हेच खाऊ घालून वाढवले. शाळेत डबा उघडला की शेजारची मुलगी नाक धरायची, हेही तिने त्याच ताटावर सांगितले. पुढे मुंबईत मैत्रिणींनी मिळून भाड्याने खोली शोधली तेव्हा एका घरमालकाने आधी आडनाव विचारले, मग "मच्छी शिजवणार का" असे विचारले, आणि मग खोली दुसऱ्याला गेली म्हणून सांगितले.

तोच बोंबील शहरातल्या वातानुकूलित हॉटेलात गेला की 'कोस्टल क्विझीन' होतो आणि त्याचे चारशे रुपये मोजले जातात. आपल्या चुलीवर शिजला की त्याला वास येतो. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची जी नोंद केली, ती म्हणूनच महत्त्वाची आहे. आपण काय खात होतो हे आपणच लिहिले नाही, तर आपल्या ताटाबद्दल फक्त दुसऱ्याचे धरलेले नाक शिल्लक राहील. ज्या पोरीने शाळेत डबा झाकून खाल्ला, तिने बोंबलाच्या ताटाचा फोटो जगाला दाखवला. तो फोटो काढून टाकायला लावणाऱ्यांना काय पुसले गेले याचा पत्ताही नसेल.

मावशीने वाढता वाढता विचारले, "कुठल्या गावच्या गं पोरींनो तुम्ही?" गाव सांगितले. मग आडनावही विचारले. पोरीने सांगितले, आवाज न पाडता. मावशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कॉलेजात आहात ना? मग त्या शिष्यवृत्तीच्या फॉर्माला काय काय लागतं ते सांगा. माझा पोरगा बारावीला आहे. कोणी सांगतं दाखला हवा, कोणी सांगतं उत्पन्नाचा हवा." पोरीने हात धुतले आणि वहीचे पान फाडून यादी लिहून दिली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा, नॉन-क्रिमी लेअरचा, बँकेचे खाते आधारला जोडलेले. शेवटी आपला मोबाईल नंबर.

आगरी-कोळी समाजात जात नाही, असा गोडवा आम्ही गाणार नाही. कोकणात बौद्धवाडी गावाच्या कुठल्या टोकाला असते हे आम्हाला माहीत आहे. पण बहुजन ऐक्य सभेतल्या ठरावाने जेवढे होते, त्याहून जास्त ते दाखल्यांच्या यादीने होते, हा आमचा समाजकार्यातला अनुभव आहे. मोर्चा आणि मजा यांत भिंत घालणाऱ्या ज्येष्ठांनी ते वहीचे पान पाहायला हवे होते.

दुसरी टेकडी

घारापुरीला जाणारे बहुतेक लोक पश्चिमेकडच्या टेकडीवरचे पहिले लेणे पाहून परततात. ते पाहण्यासारखेच आहे. डोंगर कोरून काढलेला खांबांचा विशाल मंडप आणि समोर साडेपाच मीटर उंचीची तीन मुखांची सदाशिवाची मूर्ती. सहाव्या शतकाच्या आसपासचे हे काम १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. अनेक मूर्तींचे हात-पाय तुटलेले आहेत. पोर्तुगिजांच्या काळात त्यांची फार नासधूस झाली.

पण बेटावर दुसरी टेकडीही आहे, पूर्वेकडची. इंग्रजी नकाशांत तिचे नाव 'स्तूप हिल' आहे. तिथे विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, कोरलेली पाण्याची टाकी आहेत. हा स्तूप इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासचा मानतात. म्हणजे पलीकडच्या शिवलेण्याच्या काही शतके आधी या बेटावर बुद्धाचे अनुयायी होते. सोपारा, कान्हेरी आणि हे बेट, सगळा एकाच सागरी व्यापाराच्या वाटेवरचा परिसर. व्यापारी जहाजाने येत, भिक्खू त्यांच्याबरोबर येत, धम्म पाण्यावरून पुढे जाई. मनुस्मृती समुद्रप्रवास करणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंगतीतून उठवते. समुद्राला भिणारी परंपरा आणि समुद्रावरून गेलेली परंपरा, यातली आपली कुठली हे वेगळे सांगायला नको.

पायथ्याशी एका गाइडला आम्ही त्या टेकडीची वाट विचारली. तो म्हणाला, "तिकडे काही नाही, नुसतं जंगल आहे. त्रिमूर्ती बघून झाली ना?" त्याचा दोष नाही. त्याला जे पाठ करायला मिळाले तेवढे तो सांगतो. एका गावकऱ्याने वाट दाखवली. झाडोऱ्यातून वर गेलो, चपला काढल्या, त्या विटांसमोर बसून त्रिसरण-पंचशील म्हटले. पाच पोरींचे आवाज, वारा, खाली खाडी. दहा मिनिटे कोणी फोटोही काढला नाही.

इथे आपल्याच काही मित्रांना एक गोष्ट सांगायची आहे. मोबाईलवर मजकूर फिरतात की त्रिमूर्ती म्हणजे मुळात बुद्धच, देशातले प्रत्येक लेणे बौद्ध, सगळे बळकावलेले. असे लिहून आपण आपली बाजू दुबळी करतो. पहिले लेणे शैव आहे आणि ते उत्तम आहे, हे मान्य करायला आपल्याला जड का जावे? आपल्याला दुसऱ्याची मूर्ती उचलून आणायची गरज नाही, कारण आपला स्तूप समोरच्या टेकडीवर आहे. मागणी करायची तर ती ठोस करावी. त्या टेकडीवर नीट वाट हवी, मराठीत फलक हवा, गाइडच्या माहितीत आणि शाळेच्या सहलीत ती टेकडी यायला हवी. पुराव्यावर उभे राहिलेल्या मागणीला उत्तर द्यावे लागते. फेकलेल्या दाव्याची फक्त टिंगल होते.

आणि शैव लेण्यातही आपले काही नाही असे नाही. कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची नाणी या बेटावर मोठ्या संख्येने सापडली. ती दगड फोडणाऱ्या कारागिरांना मजुरीपोटी दिलेली असावीत, असे काही अभ्यासक मानतात. राजाचे नाव नाण्यावर राहिले, ज्याच्या हातावर ते नाणे पडले त्याचे नाव कुठेच नाही. लेण्यात उभे राहून आम्ही पोरींना एवढेच विचारले, "देव कोणता ते लिहिलेलं आहे. कोरला कोणी?"

डोली आणि दिवा

पायऱ्यांवर डोलीवाले असतात. लाकडी खुर्चीला दांडे बांधलेले, चढवत नसलेल्या पर्यटकाला खांद्यावर घेऊन वर न्यायचे. म्हाताऱ्या, आजारी माणसाने बसावे, त्याला आमची हरकत नाही. पण धडधाकट तरुण मोबाईलवर व्हिडिओ काढत चार माणसांच्या खांद्यावरून जाताना पाहिला आणि पोरी गप्प झाल्या. ज्यांचे पूर्वज साहेबाच्या घोड्यापुढे पळाले, त्यांना असे दृश्य पाहून काही शिकवावे लागत नाही. आपली पोरे फिरायला गेली तर त्यांना हे दिसेल. ज्यांना दिसत नाही त्यांचा पर्यटनावर मक्ता आहे, म्हणून तर आपण जायला हवे.

बेटावर तीन गावे आहेत: राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. वस्ती हजार-बाराशेची. देशाच्या आर्थिक राजधानीपासून दहा किलोमीटरवर, एका बाजूला अणुऊर्जा केंद्र, दुसऱ्या बाजूला न्हावा-शेव्याचे बंदर रात्रभर उजळलेले, आणि या गावांना वीज मिळाली २०१८ च्या फेब्रुवारीत. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची तार टाकून. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे जगभरचे पर्यटक दिवसा शिल्पे बघून गेले आणि रात्री गाव जनरेटरच्या तीन-चार तासांवर जगले. शेवटच्या बोटीनंतर बाहेरच्या माणसाला तिथे मुक्काम करता येत नाही, त्यामुळे पर्यटकाला तो अंधार कधी दिसलाच नाही.

मावशीला आम्ही विचारले, वीज आल्यावर पहिले काय केले? म्हणाली, "फ्रीज घेतला. मासळी टिकते, आणि थंड पाण्याच्या बाटल्या विकता येतात." विकासाच्या व्याख्येवर आम्ही एमएला भरपूर निबंध लिहिले. एवढे नेमके उत्तर त्यात नव्हते.

ज्येष्ठांना आणि तरुणांना

ज्येष्ठ कार्यकर्त्यांबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांनी चटणी-भाकर बांधून पायी मोर्चे काढले, त्या मोर्च्यांमुळेच आज पोरी हॉस्टेलात आहेत. त्यांची भीतीही खोटी नाही. शिकलेला वर्ग मौजमजेत रमतो आणि वस्तीकडे पाठ फिरवतो, हे आपण पाहिले आहे. बाबासाहेबांनाही शिकलेल्यांबद्दल ही खंत होती. पण वस्तीकडे पाठ फिरवणारा माणूस सहलीमुळे तसा होत नाही. तो आपले आडनाव लपवतो, आपले ताट लपवतो, आणि एक दिवस आपली माणसेही लपवतो. ही पोर बेटावर आडनाव सांगून जेवली, सुकटीला आपली म्हणाली आणि स्तूपासमोर मांडी घालून बसली. ती कुठे निघाली आहे हे दिसत नसेल, तर आपणच डोळे तपासले पाहिजेत.

तरुण मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला एवढेच सांगणे आहे की जा. पैसे कमी असतील तर जवळचे ठिकाण निवडा, पण जा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, तेव्हा रविवारच धरा आणि सकाळची पहिली बोट गाठा. खायला गावातल्या बाईकडे बसा, म्हणजे पैसा बेटावर राहील. भाव करताना टोपलीवालीशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालू नका. धडधाकट असाल तर डोलीत बसू नका. पहिली टेकडी मन लावून पाहा आणि दुसरी टेकडी पाहिल्याशिवाय परत येऊ नका. गावाकडे आई-वडिलांना फोटो पाठवा. पुढच्या ६ डिसेंबरला ते येतील तेव्हा एक दिवस जास्त थांबवून त्यांनाही बोटीत बसवा. आणि स्टेटसला फोटो ठेवाल ते कोणाच्या बोलण्यावरून काढू नका.

पालीत 'दीप' शब्दाचे दोन अर्थ होतात, दिवा आणि बेट. आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत तथागतांनी आनंदाला स्वतःच स्वतःचा दीप व्हायला सांगितले, तिथे अनेक पाली अभ्यासक बेट हाच अर्थ घेतात. पुरात पाय टेकायला जागा, ती दुसऱ्याने द्यायची वाट न पाहता आपणच उभी करायची. आपल्या पोरींच्या रविवारालाही आम्ही तेवढेच गंभीरपणे घेतो.

जय भीम. नमो बुद्धाय.